लंकेला कुठल्या दारानं जायचं?

अमीश त्रिपाठींच्या शिवकथेचे तीन भाग संपवलेल्या वाचकाला हमखास एक प्रश्न पडतो: आता पुढं काय? कपाटात त्यांच्याच रामकथेची चार पुस्तकं वाट बघत असतात. पहिलं रामाचं, दुसरं सीतेचं, तिसरं रावणाचं आणि चौथं लंकेच्या युद्धाचं. शिवाय राजा सुहेलदेवाचं एक, या सगळ्यांपासून वेगळं. साध्या मालिकेत असा पेच पडत नाही. एक झालं की दोन, दोन झालं की तीन. इथं गंमत अशी, की पहिली तिन्ही पुस्तकं एकाच घटनेपाशी येऊन थांबतात. ती घटना म्हणजे सीताहरण. तिघांची आयुष्यं वेगवेगळ्या वाटांनी चालत येतात आणि तिथं एकमेकांवर आदळतात. पुढचं सगळं चौथ्या पुस्तकात.

वर्ध्याला अकरावीत शिकणारी माझी भाची म्हणाली, "मामा, तिन्ही एकाच जागी संपतात, तर मंग तीन कायले वाचायचे?"

प्रश्न चोख आहे, आणि त्याचं उत्तर वर्ध्याहून आठ-दहा किलोमीटरवर, धाम नदीच्या काठी पवनारला आहे. पण तिथं जाण्याआधी थोडं शिवकथेतल्या मेलुहाबद्दल बोलायला हवं, कारण अशा ऐतिहासिक अद्भुतकथांची जातकुळीच मुळात विलक्षण आहे.

'मेलुहा' हे नाव अमीशनी मनानं रचलेलं नाही. चार हजारांहून अधिक वर्षांपूर्वी इराकच्या भूमीवर राज्य करणारा अक्कडचा राजा सारगॉन आपल्या लेखात मिरवतो, की मेलुहाची जहाजं माझ्या धक्क्याला लागतात. हे मेलुहा म्हणजे बहुधा आपलं सिंधू खोरं, असं बहुतेक अभ्यासक मानतात. पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात त्याच काळातला एक दंडगोल शिक्का आहे, बोटाच्या पेराएवढा. ओल्या मातीवरून फिरवला की चित्र आणि अक्षरं उमटतात. त्यावर मालकाचं नाव आहे, शू-इलिशू, आणि त्याचा धंदाही दिला आहे: मेलुहाच्या भाषेचा दुभाषी. म्हणजे बहुधा हडप्पाची भाषा येणारा एक माणूस तिथं दुभाष्याचं काम करत होता. तो काय बोलायचा, हे आज जगात कुणालाही सांगता येत नाही, कारण सिंधू लिपी अजून वाचली गेलेली नाही. सुनियोजित शहरं, गटारं, मापं, शिक्के, सगळं हाती आहे. एक वाक्य तेवढं हाती नाही.

ऐतिहासिक अद्भुतकथा लिहिणाऱ्याला अशीच जागा लागते. पुराव्याची भिंत भक्कम हवी आणि तिला खिंडार मोठं हवं. २०१० साली आलेल्या 'द इमॉर्टल्स ऑफ मेलुहा'त अमीशनी त्या खिंडारातून थेट शिवालाच आत आणलं. मानसरोवराच्या काठचा, तिबेटातल्या एका टोळीचा नायक, हाडामांसाचा माणूस. मेलुहात आल्यावर त्याला सोमरस पाजतात आणि त्याचा गळा निळा होतो. लोक म्हणतात, हाच तो नीलकंठ. तो बिचारा गोंधळून जातो. समुद्रमंथनातलं हालाहल गेलं, त्या जागी एक औषध आलं. देव गेला, त्या जागी लोकांनी देव ठरवलेला माणूस आला. कंठ मात्र निळाच राहिला.

ही उलटापालट कशी चालते, ते बघायचं तर वर्धा जिल्ह्यातच समुद्रपूर तालुक्यात गिरडची टेकडी आहे. वर शेख फरीद बाबांचा दर्गा. टेकडीवर गोल, सुपारी-जायफळासारखे दगड विखुरलेले असतात, उचलावेत तेवढे थोडे. सांगतात, की मालाच्या गोण्या घेऊन जाणाऱ्या दोन व्यापाऱ्यांनी बाबांची थट्टा केली, तशी त्यांची सगळी फळं दगड झाली. मग ते पाया पडले. बाबांनी वाळलेल्या पाल्यातून नवा माल करून दिला, आणि ते दोघे जन्मभर तिथंच सेवेला राहिले. भूशास्त्र सांगतं, की या झिओलाइट नावाच्या खनिजाच्या गाठी आहेत. दख्खनच्या काळ्या ज्वालामुखी खडकात त्या सापडतात. गिरडच्या लोकांना आधी दगड दिसला आणि त्यांनी त्याला गोष्ट दिली. अमीशसारखा लेखक उलटा निघतो. त्याच्या हाती गोष्ट आधीपासून असते, आणि तो तिला बसेल असा दगड शोधत हिंडतो. केळझरच्या लोकांनीही हेच केलं म्हणा ना! नागपूर रस्त्यावरचं हे गाव म्हणजे महाभारतातली एकचक्रानगरी, भीमानं बकासुर मारला तो इथंच, असं तिथं ठामपणे सांगतात. गाव खरं, रस्ता खरा, बसथांबा खरा. राक्षसानं तिथं राहायला हरकत काय?

आता रामकथेकडं. शिवाची गोष्ट लिहिताना अमीशना एक सोय होती: शिवाचं सलग चरित्र असं आपल्या डोक्यात नसतं. दक्षयज्ञ माहीत असतो, गणपतीचं मस्तक माहीत असतं, पण मधे खूप मोकळी जागा असते. रामाचं तसं नाही. कैकेयी काय मागणार, मारीच कुठलं रूप घेणार, पूल कोण बांधणार, शेवटी कोण मरणार, हे शेंबड्या पोरालाही पाठ. ज्या कथेचा शेवट साऱ्या देशाला ठाऊक आहे, तिच्यात उत्सुकता आणायची कुठून?

अमीशनी शेवटाचा नाद सोडला आणि सुरुवाती तीन केल्या. २०१५ साली आलेलं रामाचं पुस्तक, 'सायन ऑफ इक्ष्वाकु'. त्यात रामाचा जन्म होतो त्याच दिवशी दशरथाचा रावणाकडून दारुण पराभव होतो. पुत्रजन्माचा आनंद नाही, पेढे नाहीत. बापाच्या लेखी हे पोर अपशकुनी. एवढा एकच सांधा बदलला, आणि पुढचा अख्खा राम बदलतो. आज्ञा पाळणारा, कायद्याला चिकटून राहणारा, बापाच्या प्रेमाला पारखा. २०१७ साली आलेलं सीतेचं पुस्तक मिथिलेतून सुरू होतं. जनकाला नांगराच्या फाळाला लागलेली नव्हे, तर शेतात टाकून दिलेली तान्ही मुलगी सापडते. लांडगे टपलेले असतात आणि एक गिधाड तिचं रक्षण करत असतं. ही सीता पुढं मिथिलेची पंतप्रधान होते. २०१९ चं तिसरं पुस्तक रावणाचं. व्यापारी, तस्कर, वीणेचा दर्दी, बुद्धीनं अफाट आणि आतून जळत असलेला माणूस. त्याची बाजू वाचताना आपण त्याच्यासाठी हळहळतो आणि मग स्वतःवरच चिडतो. २०२२ मधे 'वॉर ऑफ लंका' आलं आणि तिन्ही धागे एकत्र झाले.

एकच प्रसंग तीनदा वाचावा लागतो, हे खरं. राम मिथिलेत येतो, तो त्याच्या पुस्तकात स्वतःहून येतो. सीतेच्या पुस्तकात कळतं, की त्यानं तिथं यावं ही व्यवस्था आधीच कुणीतरी करून ठेवली होती. पहिल्या खेपेला योगायोग वाटलेली गोष्ट दुसऱ्या खेपेला कट निघते. तीन पुस्तकं वाचायची ती या उलगड्यासाठी.

तर ही युक्ती नवी आहे का? इथं धाम नदी येते.

पवनार म्हटलं की मराठी माणसाला विनोबा आठवतात. १९३८ साली ते इथं राहायला आले आणि नदीकाठच्या जागेला त्यांनी परमधाम नाव दिलं. त्यांच्या आश्रमाच्या परिसरात जमीन खणताना जुनी शिल्पं निघाली. त्यात एक राम-भरत भेटीचं. विनोबा हरखले ते निव्वळ शिल्प म्हणून नव्हे. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात गीतेवर बोलताना बाराव्या अध्यायात त्यांनी भरत आणि लक्ष्मण ही भक्तांची दोन रूपं उलगडली होती, आणि राम-भरत भेटीचं चित्र कुणी काढलं तर किती बहार होईल, अशी इच्छा बोलून दाखवली होती. काही वर्षांनी ते चित्र दगडात कोरलेलं त्यांच्याच पायाखालून निघालं. आश्रमात आजही भरत-राम मंदिर आहे. एखाद्या कादंबरीकारानं हा प्रसंग लिहिला असता तर संपादकानं कापला असता, फार जुळवून आणलंय म्हणून.

ती शिल्पं कुणी घडवली? नागपूरचे महामहोपाध्याय वा. वि. मिराशी (१८९३–१९८५) यांनी वाकाटकांच्या ताम्रपटांवर आयुष्य घातलं. त्यांचं म्हणणं असं, की वाकाटक राजा दुसरा प्रवरसेन यानं रामटेकजवळच्या नंदिवर्धनाहून राजधानी हलवून प्रवरपूर वसवलं, ते प्रवरपूर म्हणजे पवनार, आणि रामायणातले प्रसंग कोरलेली ही शिल्पं त्याच्याच काळच्या राममंदिराची. पुढं १९६७ साली शां. भा. देव आणि म. के. ढवळीकर यांनी नागपूर विद्यापीठातर्फे इथं उत्खनन केलं. दुसरीकडं रामटेकच्या अलीकडं मनसरला मोठं वाकाटककालीन बांधकाम उजेडात आलं, तेव्हा काही पुरातत्त्वज्ञ प्रवरपुराचा मान मनसरला देऊ लागले. वाद चालू आहे. आमचा कल साहजिकच पवनारकडं. वर्ध्याकडच्या माणसाकडून वेगळी अपेक्षा करू नये.

हा प्रवरसेन कोण? गुप्त सम्राट दुसऱ्या चंद्रगुप्ताची मुलगी प्रभावतीगुप्ता, तिचा मुलगा. नवरा लवकर गेल्यावर तिनं मुलांच्या नावानं विदर्भाचं राज्य चालवलं. रामगिरीच्या, म्हणजे रामटेकच्या देवावर तिची श्रद्धा होती. तिचा एक ताम्रपट रामगिरीस्वामींच्या पायांशी बसूनच दिलेला आहे. मुलगा मात्र स्वतःच्या ताम्रपटांत शिवभक्त म्हणवतो. आणि लिहितो काय? रामाचं महाकाव्य. शिवभक्त माणूस रामकथेकडं वळतो, हा योग सोळाशे वर्षांच्या अंतरानं दोनदा जुळलेला बघून मला फार मजा वाटते.

त्या काव्याचं नाव 'सेतुबंध', दुसरं नाव 'रावणवध'. भाषा संस्कृत नव्हे, महाराष्ट्री प्राकृत. आपल्या मराठीची पूर्वज म्हणून जिच्याकडं बोट दाखवतात ती. पंधरा सर्ग आहेत, तिथं त्यांना आश्वास म्हणतात. आणि सुरुवात कुठून? अयोध्येतून नाही. पुत्रकामेष्टी नाही, धनुर्भंग नाही, वनवास नाही, अगदी सीताहरणही नाही. वाली मेलेला आहे. रामानं सीतेविना एक अख्खा पावसाळा कसाबसा काढला आहे. ढग सरले, शरद आला, आणि हनुमान बातमी घेऊन परतला: ती जिवंत आहे, लंकेत आहे.

थेट तिथून.

म्हणजे अमीश तीन पुस्तकं खर्चून जिथवर येतात, त्याच्याही पुढून प्रवरसेन पहिलं पाऊल टाकतो. मागचं सगळं वाचकाला माहीत आहे, हे त्यानं गृहीत धरलं. पाचव्या शतकातल्या विदर्भाच्या राजसभेला रामकथा पाठ होती, याचा याहून मोठा पुरावा कुठला हवा? पाठ असल्यामुळंच कवीला मोकळीक मिळाली. कथा सांगायचं ओझं उतरलं. आता एका गोष्टीवर मन लावता येत होतं. त्यानं समुद्र निवडला.

सहावा, सातवा आणि आठवा, असे पंधरापैकी तीन आश्वास निव्वळ डोंगर उपटण्यात आणि पूल बांधण्यात जातात. वानर पर्वत मुळासकट उचलतात, त्यांच्याबरोबर झरे, हत्ती, सिंह, नाग असे सगळेच हवेत येतात. ते पर्वत समुद्रात फेकले जातात आणि... बुडतात. आणखी फेकतात, आणखी बुडतात. पाणी उसळतं, आकाशाला भिडतं, खालचे जलचर वर येतात, पण पूल काही होत नाही. सगळा सातवा आश्वास असा पाण्यात जातो. सैन्य दमून बसतं. तेव्हा आठव्यात सुग्रीव नलाकडं वळतो: नुसतं फेकून भागत नाही, हे काम जाणकाराचं आहे. मग नल रचायला घेतो आणि सेतू उभा राहतो.

पूल बांधण्याच्या गोष्टीत आधी अपयशाचा पूर्ण एक अध्याय घालायचा, ही कादंबरीकाराची बुद्धी आहे. आठवा आश्वास चढतो तो सातव्यामुळं. शेवट माहीत असलेल्या कथेत उत्कंठा आणायची कशी, याचा धडा इथं मिळतो. सेतू होणार हे ऐकणाऱ्याला पक्कं ठाऊक आहे, तरी सातव्यात पोटात गोळा येतो. समुद्र न पाहिलेल्या विदर्भातल्या श्रोत्यांवर त्या लाटांचा काय परिणाम झाला असेल, हा विचार करण्यासारखा आहे. इथून कुठलाही किनारा शेकडो किलोमीटर लांब.

काव्याचं नाव पुढं कुठवर गेलं बघा. सातव्या शतकात बाणभट्ट 'हर्षचरिता'च्या आरंभी म्हणतो, की सेतूवरून जशी वानरसेना गेली तशी या काव्यावरून प्रवरसेनाची कीर्ती समुद्रापार पोचली. बाणाला ती अलंकारिक कल्पना वाटली असेल. दोनेकशे वर्षांनी, नवव्या शतकाच्या अखेरीस, कंबोडियाच्या यशोवर्मन राजाच्या शिलालेखात प्रवरसेनाचा आणि त्याच्या सेतूचा उल्लेख खरोखरच येतो. समुद्र ओलांडण्याचं काव्य समुद्र ओलांडून गेलं! अकबराच्या काळात, १५९५ च्या सुमारास, रामदास नावाच्या विद्वानानं त्यावर टीका लिहिली. १८८० मधे जर्मन पंडित झिगफ्रीड गोल्डश्मिटनं ते स्ट्रासबुर्गला छापलं. अठराशे सत्तावन्नच्या 'यमुनापर्यटन'पासून मराठी कादंबरीचा इतिहास मोजणाऱ्या आपण या पुस्तकाला शाळेत एक ओळसुद्धा दिलेली नाही, हे मला खटकतं.

याच रामदासानं एक कुजबूजही नोंदवून ठेवली आहे: हे काव्य राजानं लिहिलंच नाही, विक्रमादित्याच्या सांगण्यावरून कालिदासानं त्याच्यासाठी लिहिलं. मेघदूताचा यक्ष रामगिरीवर राहतो, तेव्हा कालिदासाचा या दरबाराशी संबंध जोडायला लोकांना फार कष्ट पडले नाहीत. ते खरं मानायचं कारण मला दिसत नाही. पण मोठ्या माणसाच्या पुस्तकामागं दुसरा हात असावा, हा संशय किती जुना आहे! अमीशनी याबाबतीत तरी कुजबुजीला जागा ठेवलेली नाही. सुहेलदेवाच्या कादंबरीवर त्यांच्या नावाबरोबर 'इमॉर्टल रायटर्स सेंटर' असं लेखकांच्या चमूचं नावही उघड छापलेलं आहे.

विदर्भाचा आणखी एक लेखक या संदर्भात आठवायलाच हवा, कारण 'आवडत्या लेखकाचं आता कोणतं घेऊ' हा प्रश्न त्याच्याबाबतीत खराखुरा पडतो. आठव्या शतकातला भवभूती. स्वतःचं मूळ गाव तो विदर्भातलं पद्मपूर सांगतो; मिराशींच्या मते ते आजच्या गोंदिया जिल्ह्यात, आमगावजवळ. त्याची तीन नाटकं आपल्यापर्यंत आली, त्यातली दोन रामाची. 'महावीरचरित' लग्नापासून राज्याभिषेकापर्यंत, 'उत्तररामचरित' राज्याभिषेकानंतर. पूर्वार्ध आणि उत्तरार्ध, सरळ मालिका.

'महावीरचरिता'त त्यानं काय केलं, ते अमीशच्या वाचकानं डोळे विस्फारून बघावं. वनवासाला कैकेयीचा मत्सर कारण नाही! रावणाचा मंत्री माल्यवान लंकेत बसून डाव टाकतो. शूर्पणखा मंथरेचं सोंग घेऊन येते आणि वनवासाची मागणी पुढं करते. रामाला एकटा, अयोध्येपासून दूर, जंगलात आणायचा, हा लंकेचा राजकीय कट. परशुराम भडकतो तो त्याच डावात, वाली लढायला उभा राहतो तोही त्याच डावात. देवाधर्माच्या कथेतून राजकारण उपसून काढायचं, योगायोगाच्या मागं कारस्थान दाखवायचं, हे बाराशे वर्षांपूर्वी इथल्याच माणसानं करून ठेवलं आहे.

आणि 'उत्तररामचरित' उघडतं कसं? लक्ष्मण राम-सीतेला एक चित्रमालिका दाखवायला नेतो. चित्रं त्यांच्याच आयुष्याची: मिथिला, लग्न, चित्रकूट, पंचवटी. दोघं स्वतःच्या मागच्या भागाची चित्रं बघत चालतात, हसतात, दचकतात. प्रेक्षकाला मागचं सगळं दहा मिनिटांत आठवतं. आज वेबमालिकेच्या प्रत्येक भागाआधी जे दाखवतात ते हेच, पण भवभूतीनं त्यातूनच पुढचा घाव घातला. ती चित्रं बघून गरोदर सीतेला ते रान पुन्हा बघावंसं वाटतं, आणि तिला वनात नेऊन सोडायला तेच निमित्त होतं. शेवट तर त्यानं बदलूनच टाकला. वाल्मीकी रामापुढं नाटक करवतात, नाटकातल्या नाटकातून खरी सीता परत येते आणि दोघं एकत्र होतात. वाल्मीकींच्या कथेचा शेवट बदलण्यासाठी त्यानं वाल्मीकींनाच कामाला लावलं. याला धाडस म्हणायचं.

भवभूतीचं काय आधी घ्यावं, असं कुणी विचारलं तर मी बिनदिक्कत 'उत्तररामचरित' सांगेन. क्रमानं ते दुसरं आहे, पण रामकथा आपल्याला माहीत आहेच, चित्रदालन उरलेलं आठवून देतं, आणि लेखक तिथं पूर्ण बहरात आहे. 'महावीरचरित' नंतर, कटाची मजा घेण्यासाठी.

अमीशच्या बाबतीत माझं मत थोडं वेगळं. शिवकथा वाचून आलेल्याला वायुपुत्र नावाचा पंथ ठाऊक असतो. नवे असतात ते मलयपुत्र, रामकथेत पडद्याआडून सूत्रं हलवणारे. त्यांचा डाव बाहेरून बघायचा असेल तर राम आधी, आतून बघायचा असेल तर सीता आधी. लेखकानं क्रम राम, सीता, रावण असा लावला आहे, आणि पहिल्या दोनांपुरता तो मोडू नये. रामाच्या पुस्तकात जे जे खटकतं, सोयीस्कर वाटतं, त्याची कारणं सीतेच्या पुस्तकात निघतात. आधी कारणं वाचली तर खटकण्याची मजा जाते. रावणाचं मात्र सीतेनंतर लगेच घेऊ नये, असं मला वाटतं. तिन्हींत ते सगळ्यांत काळोखं आहे आणि सगळ्यांत चांगलंही. मधे थोडा वेळ जाऊ द्यावा, दुसरं काही वाचावं. या पुस्तकांचे मराठी अनुवादही झाले आहेत, त्यामुळं इंग्रजीचा बाऊ असणाऱ्यानंही मागं राहू नये.

मधल्या काळात सुहेलदेव चालेल. २०२० सालची ही कादंबरी अकराव्या शतकातली: गझनीच्या महमूदाची स्वारी, सोमनाथ, आणि १०३४ च्या सुमाराची बहराइचची लढाई. विषय इतिहासाचा, म्हणून इथं अद्भुताला वाव कमी असेल असं वाटतं, पण या लढाईची सविस्तर कहाणी येते ती 'मिरात-ए-मसूदी' या फारसी ग्रंथातून. तो लिहिला अब्दुर रहमान चिश्तींनी, सतराव्या शतकात, म्हणजे लढाईनंतर जवळपास सहाशे वर्षांनी. आणि तेही सालार मसूद या संतपदाला पोचलेल्या योद्ध्याचं माहात्म्य म्हणून. मूळ साधनच दंतकथेत भिजलेलं. चमत्कार नसलेली कादंबरी लिहावी, आणि तिचा पाया चमत्कारांनी भरलेला निघावा, असा हा उलटा प्रकार.

किंवा मग नाथमाधव. द्वारकानाथ माधव पितळे (१८८२–१९२८), सिंहगडाच्या कड्यावरून कोसळून कमरेखाली लुळे झालेले, आणि अंथरुणावरून महाराष्ट्राला घोड्यावर बसवणारे. १९१३ चं 'वीरधवल' हे त्यांचं अद्भुतरम्य पुस्तक. आमच्या आजोबांच्या पिढीनं कंदिलाच्या उजेडात वाचलेलं. १९२१ च्या 'स्वराज्याचा श्रीगणेशा'पासून सुरू होणारी शिवकालीन मालिका वेगळी, तिथं क्रम पाळलेला बरा. पण 'वीरधवल' एकटं उभं आहे, केव्हाही उघडावं. भाषा पहिली वीसेक पानं अडखळवते, नंतर ओढून नेते.

'सेतुबंध' वाचायचाच असेल तर कृष्णकांत हंदिकी यांचा १९७६ चा इंग्रजी अनुवाद आहे, टिपांसकट. त्यात सहावा, सातवा आणि आठवा आश्वास सलग वाचावेत, मधे उठू नये. अकराव्यात सीतेला रामाचं मायावी मुंडकं दाखवतात, तो भाग निवांत वेळी. दहाव्यात चंद्रोदय आणि लंकेतल्या रात्रीची वर्णनं आहेत. घाईत असलेल्यानं ती चाळली तरी प्रवरसेन रागावणार नाही.

आणि प्रवरसेन आवडला तर त्याच्या घराण्यातलं पुढचं पुस्तक कोणतं? तेही ठरलेलं आहे. वाकाटकांची दुसरी पाती वत्सगुल्मला, म्हणजे वाशीमला राज्य करत होती. त्या शाखेचा राजा सर्वसेन यानंही महाराष्ट्री प्राकृतात एक महाकाव्य लिहिलं, 'हरिविजय'. कृष्ण स्वर्गातून पारिजात आणतो, त्याची कथा. काव्यशास्त्रकार आनंदवर्धनानं त्याची वाखाणणी केली, भोजराजानं त्यातले दाखले घेतले. वर्ध्याला आणि वाशीमला एकाच कुळातले दोन राजे, दोघंही कादंबरीकाराच्या डोक्याचे. फक्त 'हरिविजय' कुठल्याच ग्रंथालयात मागू नये. अलंकारशास्त्राच्या पोथ्यांत अडकून राहिलेले काही श्लोक सोडले, तर ते हरवलेलं आहे.